व्याह्याचा हात

वर्ध्याहून वल्लरीताई कामगारांना सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला येणार म्हटल्यावर मी आधी समोसे सांगून ठेवले. सिंदीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रेनिंग म्हणजे अंधारी खोली, पडद्यावर चित्रं आणि घोरणारी माणसं. शेवटी सगळे 'समजलं' म्हणतात आणि लगेच चालत्या मशीनमध्ये हात घालतात. मागच्या हंगामात एका बाईची बोटं गेली. तिलाही समजलंच होतं.

ताईंनी पडदा लावूच दिला नाही. मोठ्या माणसांना नुसतं ऐकवून काही येत नाही, त्यांच्याकडून करवून घ्यावं लागतं, हा त्यांचा हट्ट. सगळ्यांना त्यांनी थेट मशीनपाशी उभं केलं. जुन्या शर्टाच्या बाहीत कापूस ठासला, ती लांब काठीला बांधली आणि काठी मुकादम हरिभाऊंकडे दिली. हरिभाऊंनी हा खोटा हात चालत्या रोलरकडे न्यायचा, शेजारच्या कामगाराने 'हात काढा' म्हणून ओरडायचं आणि ओरडणं ऐकताच मी मशीन थांबवायचं बटण दाबायचं. शेजारी वच्छलाबाई होत्या. दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू झाला की दोघं याच मशीनवर असणार होते.

मशीन सुरू झालं. बाही पुढे पुढे गेली. माझं बोट बटणावर होतं. वच्छलाबाईंनी पदर तोंडात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. रोलरने बाही ओढली, टरकन फाडली. सगळे हसले. मी मात्र कुणी न सांगताच बटण दाबलं.

"काऊन नाई बोलल्या, मावशी? दिसलं नाही?" ताईंनी विचारलं.

"दिसलं ना. पण थे माहे इवाई हायेत. माही मयुरी त्याईच्या घरी देली हाय. चारचौघात इवायावर ओरडू का?"

हसणं थांबलं. ताई म्हणाल्या, "मग आज एवढंच शिकायचं. बाकीचं राहू द्या."

"इहीनबाईनं माह्यावर ओरडाचं?" हरिभाऊंनी काठी टाकली आणि ते फाटकाकडे निघाले. आता हे भांडण थेट मयुरीच्या चुलीपर्यंत जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. "ताई, राहू द्या," वच्छलाबाई हात जोडून म्हणाल्या. मलाही ताईंचा राग आला. यांचं काय, त्या संध्याकाळच्या गाडीने वर्ध्याला परतणार.

ताईंनी फाटकी बाही उचलली आणि हरिभाऊंच्या पुढ्यात धरली. "हा तुमचा हात, हरिभाऊ. मावशींना तो जाताना दिसला होता."

हरिभाऊ बाहीकडे पाहत राहिले. मग परत आले, मेन स्विच बंद आहे ना हे मला विचारलं आणि स्वतःचा हात रोलरवर ठेवला.

"बोला, इहीनबाई. बोलल्याबिगर काढत नाई."

वच्छलाबाई काहीतरी पुटपुटल्या.

"मशीन चालू आहे समजा, मावशी. त्यांना ऐकू नाही गेलं," ताई म्हणाल्या.

वच्छलाबाई रडायलाच लागल्या. "माही पोरगी तुमच्या घरी हाय, इवाई."

"म्हणूनच बोला. हा हात तिच्याच घरचा हाय."

तेव्हा त्या अशा ओरडल्या की फाटकावरचा चौकीदार धावत आत आला. "हरिभाऊ, हात काढा." व्याह्याचं नाव घेऊन, डोक्यावरचा पदर खाली पडलेला. मशीन बंद होतं, तरी हरिभाऊंनी हात झटक्याने ओढला आणि दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट धरून ठेवला.