आबाच्या गळ्यात आकडी

संमेलनाच्या विद्यार्थी चिटणिसानं आबाच्या हातातली आकडी हिसकावली. तिचा वाक आबाच्या मानेत अडकवला आणि ओढलं. आबा धडपडला. मुंडासं सुटून पायात आलं. कॉलेजचं सगळं सभागृह हसलं.

"बघा, मेंढक्याचंच मेंढरू झालं!" चिटणीस म्हणाला.

आबा म्हणजे माझे वडील. मी पडद्याच्या कडेला उभा होतो.

स्वातंत्र्य येऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या धनगरांतून नगरच्या कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वसतिगृहात मला फुकट जागा होती, ती या चिटणिसाच्या वडिलांच्या शब्दावर. ते मोठे वकील. स्नेहसंमेलनाआधी चिटणीस मला म्हणाला, "तुझ्या वडिलांना बोलाव. आकडी घेऊन येऊ देत. स्टेजवर त्यांचा मान आहे." मला ते खरं वाटलं. आबालाही.

आकडी म्हणजे टोकाला वाक असलेली लांब काठी. तिनं बाभळीची फांदी ओढून शेंगा पाडायच्या, पळणारं मेंढरू पायाला धरून थांबवायचं. पण आमच्यात तेवढंच नाही. भांडण झालं की जाणत्या माणसाला आकडी घेऊन बोलावतात. तिला भंडारा लावतात. ती ज्याच्या हातात, त्याचं बोलणं संपेपर्यंत बाकीचे गप्प. आबानं असे कितीतरी तंटे मिटवले होते. कॉलेजानं बोलावलं म्हणजे तसंच काही असणार, अशी त्याची समजूत. मेंढरं तेव्हा खर्ड्याकडं होती. तिथून तो चालत आला. आकडीला तेल पाजलेलं, वाकावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा.

स्टेजवर येऊन त्यानं आकडी समोर उभी धरली.

"राम राम मंडळी. कुनाचं काय भांडान हाय, ते आदी मोकळं सांगा. आकडीम्होरं खोटं बोलू नगा."

लोक हसायला लागले.

"अहो म्हातारबा, भाषण नको. मेंढरं हाका," चिटणीस म्हणाला.

"मेंढरं कुटं हायत?"

पांढऱ्या चादरी पांघरलेली पोरं बें बें करत रांगत आली. आबा बघत राहिला. मग खाली वाकून म्हणाला, "उटा लेकरांनो. गुडघं सोलतील."

त्यानंतर ती आकडी त्याच्या मानेत गेली.

मी स्टेजवर गेलो. मानेतली आकडी काढली, आबाच्या हातात दिली. मला लोकांसमोर बोलता येत नाही. तरी म्हणालो, "हे माझे वडील आहेत. यांच्या हातात आकडी असताना आमच्यात कोणी हसत नाही."

मागून कुणीतरी बें केलं.

फाटकाबाहेर आबा म्हणाला, "त्येस्नी ठावं नसंल रं. तू राग धरू नगंस. तुजी जागा जाईल." त्याच्या मानेवर वळ उठला होता. वळ हातानं झाकून तो मला समजावत होता. हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या सरांनी बोलावलं. शेजारी चिटणीस उभा.

"गंमत गमतीसारखी घ्यावी. तू समारंभ बिघडवलास. चिटणिसाची माफी माग, नाहीतर खोली सोड."

"मागणार नाही," मी म्हणालो. आणखी बरंच म्हणायचं होतं. तेवढंच आलं.

घोंगडीत पुस्तकं बांधली आणि निघालो. आता एका पिंजाऱ्याच्या दुकानात झोपतो. पिंजारी चाचा जागेचं काही मागत नाहीत. कापूस नाकातोंडात जातो, सकाळी खोकला येतो. वर्गात मात्र रोज जातो. मागच्या बाकावरून अजून तो बें बें आवाज येतो.

येऊ दे. माफी त्यांनी मागायची आहे. त्याच स्टेजवर, आबाच्या पायाशी. ती मागेपर्यंत मी हे कॉलेज सोडणार नाही. परीक्षा पास होऊन बाहेर पडलो, तरी दर संमेलनाला येईन, भरल्या सभेत उठून उभा राहीन आणि चिटणिसाचं नाव घेऊन म्हणेन, आबाची माफी माग.