तक्रारीचा सोपा फॉर्म
नवी मुंबईत पावणे गावाच्या रासायनिक कारखान्यांजवळ तो सडका, घशात उतरणारा वास आला की ती बाई आठवते. धुराबद्दल तक्रारी घेणारा ऑनलाइन फॉर्म आमच्या खारघरच्या ऑफिसात बनत होता. 'त्रास काय होतो?' हा रकाना साहेबांनी काढायला लावला. "लिहायचं आलं की लोक अर्ध्यात सोडतात. नाव, नंबर, बस्स!" मी भांडले. "मॅडम, ही तुमच्या चळवळीतली पत्रकं नाहीत वाटायची," ते हसले. मी कारखान्यांशेजारच्या वस्तीत फॉर्म दाखवायला गेले, तेव्हा त्या बाईने नाव-नंबर भरून बटण दाबलं आणि विचारलं, "पन माज्या पोराला दम लागतोय, ते कुठं लिवू गो?" तोवर मोबाइलवर 'धन्यवाद' उमटलं होतं. फॉर्म भरणारे वाढले म्हणून ऑफिसात केक कापला गेला. आज माझ्या नव्या नोकरीतही तोच फॉर्म नमुना म्हणून दाखवतात. त्यात नावं आहेत, नंबर आहेत; तक्रार एकही नाही.