उजव्या मनगटाचं बटण

थिएटरच्या दारात तिकीट फाडणाऱ्या माणसाला सगळे दीडबाही म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतंच, पण ते पगाराच्या दिवशी सही करण्यापुरतं. एरवी पोरंसोरंसुद्धा दीडबाही म्हणूनच हाक मारायची आणि तोही ओ द्यायचा. "काय दीडबाही, पिक्चर मोठा आहे का?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "पुढच्या रांगेत बसलास तर फार मोठा आहे."

या नावाचं कारण त्याच्या अंगावरच असायचं. उजवी बाही मनगटापर्यंत, रीतसर कफ-बटणाची. डावी मात्र कोपराखाली चार बोटं येऊन थांबलेली, कारण हातही तिथेच थांबलेला. पण ती बाही दुमडलेली नसे, खोचलेली नसे, पिनेने टाचलेली तर नाहीच. तिलाही उजवीसारखाच कफ, तसंच बटण, तशीच दुहेरी टीप. बघणाऱ्याला वाटावं, बाही असते ती एवढीच, आपलीच जरा लांब शिवली गेली आहे.

आता एका हाताने तिकीट फाडायचं कसं, तर त्याची रीत ठरलेली होती. एक टोक प्रेक्षकाने धरायचं, दुसरं याने ओढायचं. नवखा माणूस तिकीट देऊन तसाच आत निघाला, की हा म्हणायचा, "धरा की, निम्मं तुमचंच आहे." रोजचे लोक तर तिकीट ताणून धरूनच पुढे यायचे.

तरुणपणी तो लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि कपड्यांचा भारी शौकीन होता. पायाला चिकटणाऱ्या विजारी निघाल्या तेव्हा त्याने इतकी घट्ट शिवून घेतली होती, की रात्री ती काढायला दोन मित्र लागायचे, एक माणूस धरायला आणि एक विजार ओढायला. मग वखारीतल्या करवतीने डावा हात घेतला आणि हौसही गेली. थिएटरच्या मालकाने दारातली नोकरी दिली, ती त्याने उपकारासारखी घेतली. अंगावर एक मातकट शाल ओढून उभा राहायचा, उन्हाळ्यातसुद्धा. समोरून नवेनवे कपडे घातलेली माणसं आत जायची आणि हा खाली बघून तिकिटं फाडायचा.

थिएटरच्या लाल मखमली पडद्याची झालर एकदा फाटली. ती शिवायला एका शिंप्याची मुलगी आली. शिडीवर बसून तिने दोन दिवस झालर शिवली आणि दोन्ही दिवस या माणसाला वरून बघितलं. जाताना सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "ही शाल कशाला? उकडत नाही?"

"झाकायला," तो म्हणाला.

"जे नाहीच, ते कसं झाकणार?" एवढं बोलून ती गेली. याला राग आला आणि तो आठवडाभर टिकला. राग उतरला तेव्हा तो शिंप्याच्या दुकानाच्या आसपास घुटमळायला लागला होता. पुढचं लांबवत नाही. लग्न झालं.

लग्नानंतर तिने आधी शालीच्या मधोमध कात्री चालवली आणि भांडी उचलायची फडकी करून टाकली. मग त्याला समोर बसवून एक नियम सांगितला. "तुम्ही दारात उभे असता. नवीन जे निघेल ते तुम्हाला आधी दिसतं. मला येऊन सांगायचं, यातलं काय आवडलं. सगळं आवडलं म्हणालात तर काहीच शिवणार नाही."

झालं, त्या दिवसापासून तो वर बघायला लागला. लांब टोकांच्या कॉलरी आल्या, तेव्हा माणूस येण्याआधी कॉलर दारात यायची. त्याला टोकं नको होती, पण कॉलरीचा ताठपणा आवडला होता. तिने छोटी कॉलर दुहेरी कापड घालून शिवली, मान आपोआप वर राहिली. पायघोळ पँटा निघाल्या. सायकलच्या साखळीत अडकतील म्हणून त्याने त्या नाकारल्या, पण कमरेचा रुंद पट्टा मागून घेतला. ढगळ शर्ट आले तेव्हा सगळ्यांनी अख्खा तंबू अंगावर घेतला, याने फक्त खांद्याचा सैलपणा घेतला, तोही डाव्या बाजूला, कारण त्या खांद्याला जुनं दुखणं होतं. फॅशन यायची आणि जायची, त्याचा शर्ट मात्र त्याच्यासारखाच दिसायचा.

एक वर्ष दोनरंगी शर्टांचं होतं. अंग एका रंगाचं, कॉलर-कफ दुसऱ्याचे. त्याने सांगितलं, कफ तेवढे आवडले. तिने विचार केला आणि फक्त डावा कफ रंगीत केला, तोही पडद्याच्या झालरीच्या उरलेल्या लाल मखमलीचा. तो बिचकला. सगळ्यांचे डोळे तिकडेच जातील म्हणाला.

"जाणारच आहेत," ती म्हणाली. "मग जातील त्यांना काहीतरी बघायला मिळू दे."

त्या हंगामात कॉलेजची पोरं डावी बाही कोपरापर्यंत चढवून तिथे लाल रुमाल बांधायला लागली. एका पोराचा बाप तर तणतणत दारात आला, की तुझ्यापायी आमचं पोरगं अर्धं उघडं फिरतं. दीडबाहीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "समजावा त्याला. म्हणावं, पुरती फॅशन करायची तर वखारीत जावं लागतं." बाप पिक्चर बघून हसत गेला.

शर्ट एका हाताने घालता यावा म्हणून तिने नाना युक्त्या केल्या होत्या. काजं आडवी आणि किंचित सैल, पँटीला हुक. फक्त एका बटणावर तिने कधी युक्ती केली नाही, ते उजव्या मनगटाचं. डावा हात नसलेल्या माणसाला ते लावता येणं शक्यच नाही. कफाची चीर मनगटाच्या बाहेरच्या, करंगळीकडच्या बाजूला, तिथे दातही पोचत नाहीत. तो रोज सकाळी हात पुढे करायचा, ती बटण लावायची. भांडण असलं तरी लावायची, तेव्हा जरा जोरात. एकदा तो म्हणाला, इथे इलॅस्टिक घाल, तुझी रोजची कटकट वाचेल. ती म्हणाली, "इलॅस्टिक लहान मुलांच्या चड्डीला असतं. हात करा पुढे."

मग एका वर्षी ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

कपाटात तिने शिवलेले शर्ट होते, ते तो घालत राहिला. उजवा कफ उघडाच लोंबायचा, तिकीट फाडताना मध्ये यायचा. शर्ट काही जन्माचे नसतात. कॉलरी विरल्या, कोपर फाटले. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत कामाला, तिने चांगले तयार शर्ट पाठवले. तयार शर्टाला दोन पूर्ण बाह्या असतात, त्यात त्याची काय चूक? डावी बाही तो दुमडून सेफ्टी पिन लावायचा. एका दुपारी दाराशी पिन उघडली आणि बाही सुटून खाली लोंबली. एका लहान मुलीला गंमत वाटली, तिने ती ओढली आणि पिन तिच्या बोटात घुसली. मूल रडलं. आई याला नको ते बोलली. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक शाल विकत आणली, मातकटच.

मालक वाईट नव्हता, पण धंदेवाला होता. चार-आठ दिवस त्याने बघितलं, मग म्हणाला, "दारात शाल गुंडाळून उभा राहिलास तर लोकांना वाटतं कुणी आजारी आहे. नवा पिक्चर लागेपर्यंत काय ते बघ. नाहीतर मागे सायकल स्टँडवर बस, पगार तोच देतो." दीडबाही हो म्हणाला. पगाराचा प्रश्नच नव्हता. स्टँडवर सायकली येतात. माणसं आणि त्यांचे कपडे येतात ते दारात. दार सुटलं तर तो पुन्हा खाली बघणारा माणूस होणार, हे त्याला कळत होतं आणि हरकत घ्यायला जीव उरला नव्हता.

मुलगी सुट्टी घेऊन आली तेव्हा तिला दारामागच्या खुंटीवर शाल दिसली. घरात ती शालीची गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. चहा झाल्यावर तिने विचारलं, आणि आवाज थेट आईचा आला, "सध्या नवीन काय निघालंय, बाबा?"

कप बाजूला सारत तो म्हणाला, "छापील. पुरुषसुद्धा पानाफुलांचे घालतात आता."

"त्यातलं तुम्हाला काय आवडलं?"

"पानं," तो म्हणाला. "पण एवढी थोरली नकोत. बागेत उभं राहिल्यासारखं वाटतं."

तिने बारीक पानांचं कापड आणलं. आईच्या मशीनवरचं पांघरूण काढलं, तेलपाणी केलं. आईने तिला शाळा-कॉलेज शिकवलं, मशीनला मात्र हात लावू दिला नव्हता. पण खाकी कागदाचे कापलेले नमुने भिंतीवर टांगलेले होते, त्यात बाह्यांचे दोन वेगळे, एक लांब, एक आखूड. बोटं कचेरीत कागदांवर चालणारी; सुई टोचून घेत, टीप वाकडी जात, उसवत, पुन्हा घालत तिने शर्ट उभा केला. तो दाराच्या चौकटीत बसून बघत होता. मशीनचा आवाज त्या घरात फार दिवसांनी होत होता आणि त्याला तो ऐकवतही नव्हता, सोडवतही नव्हता.

त्याने शर्ट अंगात घातला. उजव्या हाताला आखूड बाही आली होती. डावीकडे लांब बाही रिकामी लोंबत होती.

तिने कागद कापडाच्या उलट्या बाजूवर मांडले होते, त्यामुळे डावं-उजवं उलटं झालं होतं. कुणाही माणसाच्या शर्टात ही चूक कळतसुद्धा नाही, दोन्ही बाह्या सारख्याच, डावीची उजवी झाली तर बिघडलं काय? ही चूक व्हायची तर याच माणसाच्या शर्टात. कापड एकाच बाजूने छापलेलं, त्यामुळे बाही उलटून लावायची सोयही नव्हती. आणि नवं कापड उरलं नव्हतं.

मुलगी मशीनवर डोकं टेकून बसली. "मला नाही जमत, बाबा. आईचं आईबरोबर गेलं."

"तुझ्या आईने पहिला शर्ट असाच शिवला होता," तो म्हणाला. "हुबेहूब असाच."

हे साफ खोटं होतं. तिच्या आईचा हात आयुष्यात चुकला नव्हता. पण मुलीने डोकं वर केलं.

"उसवू या," तो म्हणाला. "तू धर, मी ओढतो."

तिने कापड ताणून धरलं, त्याने ब्लेडने एकेक टाका तोडला. त्याला ही रीत सवयीची होती. मग डावीकडची लांब बाही तिने उजव्या मुंढ्याला जोडली आणि आखूड डावीकडे. बाही दुसऱ्या बाजूची, त्यामुळे खांद्याशी दोन बारीक चुण्या आल्या आणि कफाची चीर मागची पुढे आली, अंगठ्याच्या बाजूला.

त्याने शर्ट घातला. आरशात बघितलं, डाव्या कफाचं बटण बघितलं. उजवा हात वर केला, चुण्या बघायला म्हणून. मनगट तोंडासमोर आलं, बटणही समोर आलं. त्याने ते दातात धरलं, जिभेने आणि ओठाने काज वर सरकवलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा बटण लागलं.

इतकी वर्षं जे बटण तिच्याशिवाय लागत नव्हतं, ते लागलं होतं. याचा आनंद करावा की काय, दोघांनाही कळेना. मुलगी शेवटी हळूच म्हणाली, "आता हे मी लावायला नको."

त्याने दातांनीच बटण काढलं आणि हात तिच्यापुढे धरला. "तू आहेस तोवर लाव."

सुट्टी होती तोवर रोज सकाळी तिने लावलं. आईपेक्षा हळू लावायची. ती गेल्यावर पहिल्या सकाळी तो आरशासमोर पुष्कळ वेळ हात तसाच पुढे करून उभा राहिला. मग मनगट तोंडाशी नेलं. बटणाला दोऱ्याची चव होती.

त्या दुपारी नवा पिक्चर लागणार होता. शाल खुंटीवर राहिली. मालकाने लांबून बघितलं, मान हलवली आणि सायकल स्टँडचं नाव काढलं नाही. दाराशी गर्दी लोटली. रोजच्यांपैकी एकजण तिकीट ताणून पुढे आला, पानं बघून हसला, मग निरखून म्हणाला, "दीडबाही, कफ उलटा शिवलाय तुझा."

"नवीन निघालंय," दीडबाही म्हणाला. "पोचेल तुमच्याकडेही." आणि त्याने आपलं टोक ओढलं.