बूट दुखत नव्हते म्हणून

महाजन सरांनी उजवा बूट काढला तेव्हा मोजा अंगठ्यापाशी ओला होता. आधी मला घाम वाटला. मी मोजाही काढायला सांगितला. अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली होती आणि आत लाल मांस दिसत होतं.

"सर, दुखत नाही का?"

"नाही बेटा. काहीच नाही."

ते ऐकून मी जास्त घाबरले.

मी बऱ्हाणपूरला डान्स क्लास चालवते. लग्नाच्या सीझनमध्ये कपल डान्स शिकवते, त्यात बॉलरूमही असतो. महाजन सर इथल्याच राजपुऱ्यात राहतात. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरी करते. तिच्या रिसेप्शनला बापलेकींनी वॉल्ट्झ करायचा, असं तिनेच ठरवलं होतं. सरांना आई-बाप दोघांच्या जागी उभं राहावं लागलं होतं. त्यामुळे तो डान्स दोघांसाठी मोठा होता.

बूट पल्लवीनेच ऑनलाइन मागवले होते. खरे बॉलरूमचे. त्यांचा तळ स्वेडचा असतो, म्हणजे खरवडलेल्या मऊ चामड्याचा. फरशीवर पाय थोडा घसरतो आणि हवा तिथे थांबतो. रबरी तळ अडकतो, गिरकी घेताना गुडघा पिरगळतो. हे बूट पायाला घट्टच बसायला हवेत, असा नियम आहे. मीही सगळ्यांना तेच सांगते.

पण सरांना बरीच वर्षं शुगर होती. त्यात पायाची जाणीव कमी होत जाते. बूट चावला तर आपण काढून टाकतो. सरांना तो चावलेला कळतच नव्हता.

मी प्रॅक्टिस बंद केली आणि त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. पट्टी बांधून, जुनी चप्पल घालून एवढं एक गाणं होऊ दे, असं ती म्हणत होती.

"मॅडम, बाबा स्वतः बोलतात ना, दुखत नाही म्हणून."

"म्हणूनच नाही," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. रिसेप्शनला सर स्टेजवर खुर्चीत बसून होते. पल्लवी माझ्याशी बोलली नाही. मी जेवून परत आले.

जखम लवकर भरली नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, त्यावर नाचले असते तर पायाचंही सांगता आलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात पल्लवी माहेरी आली. सर चालू लागले होते. डॉक्टरांनी हळू, एका गाण्यापुरती परवानगी दिली होती. या वेळी बूट मी निवडले: पुढून रुंद, आतून शिवण नसलेले, लेसने आवळता-सोडता येणारे. अंगठ्याच्या जागी डॉक्टरांनी दिलेली मऊ गादी. तळाला मोच्याकडून स्वेड लावून घेतलं. बूट संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय सुजतो.

दोघं माझ्या हॉलमध्ये नाचले. सरांची गिरकी अर्धीच झाली. गाणं संपल्यावर पल्लवी खाली बसली, तिने त्यांचे बूट-मोजे काढले आणि दोन्ही तळवे बोटांनी चाचपून पाहिले. सर खिडकीकडे बघत राहिले.

आता क्लासला वयस्क माणूस आला की मी आधी शुगर विचारते, मग पाय बघते, बूट त्यानंतर. काहींना राग येतो. एक जण तर निघूनच गेले. तरी मी विचारते.