मे महिन्यातला स्वेटर

थिएटरच्या पायरीवर बसलेल्या आजींच्या मांडीवर लोकरी स्वेटर होता. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. "आत एसी फार लागतो हो," त्या हसून म्हणाल्या. आजी, त्यांची मुलगी, मी आणि बायको असे चौघं मराठी सिनेमाला आलो होतो.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पाच जण झाल्याशिवाय शो लावत नाही." पाचवं तिकीट मीच काढतो म्हटलं, तर नजर चुकवत म्हणाला, "काका, त्या शोच्या जागी आता मोठा हिंदी पिक्चर लावलाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली की, उन्हाळी हंगामात मराठी सिनेमाकडे प्रेक्षक फिरकलेच नाहीत. माणसाला दारातून परत पाठवायचं आणि तो आलाच नाही असं छापायचं! मग भर उन्हात स्वेटर घेऊन त्या आजी कुठे निघाल्या होत्या?