कुणीच नुसतं चालत नाही

आमच्या आतोबांनी अख्ख्या आयुष्यात एकाही माणसाला चालताना पाहिलं नाही. डोळे उत्तम होते, आणि नोकरी तर माणसांची ये-जा बघण्याचीच होती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून जो पहिला गृहस्थ खुर्ची टाकून बसला, तेच आमचे आतोबा. माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. पण ‘अमका चालत आला’ असं कुणी म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. “वॉक हा आळशी लोकांचा शब्द आहे. नुसतं चालत कुणीच नाही. जो तो काहीतरी करत असतो.” हे ‘काहीतरी’ इंग्रजीत किती प्रकारांनी करता येतं, याचा अभ्यास त्यांनी मॅट्रिकच्या तोंडावर सुरू केला आणि त्यात ते असे बुडाले की मॅट्रिकची परीक्षा त्यांच्याशिवायच पार पडली.

संध्याकाळी चिंचवडच्या रस्त्याने त्यांच्याबरोबर जाणं ही एक शिक्षा होती. समोरून एखादे पेन्शनर रमतगमत आले की आतोबा माझ्या कानात कुजबुजत, “सॉन्टर! घरी कुणी वाट बघत नाही.” ही कुजबुज रस्त्याच्या पलीकडच्या बाजूलाही नीट ऐकू जाई. पिंपरी कॅम्पातला कापडवाला छाती काढून निघाला की “स्ट्रट! कोंबडा!” आणि ‘शफल’ म्हणजे पाय न उचलता ते फरफटवत नेणं. हा शब्द त्यांनी मला बहाल केला, तोही माझ्या कॉलेजातल्या मित्रांसमोर, माझ्या चपलांच्या झिजलेल्या टाचा सगळ्यांना दाखवून. तो व्याजासकट परत करायचा, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आईने एकदा विचारलं, “आपल्यात नाहीत का हो असले शब्द? तुरुतुरु, दुडुदुडु, लगालगा?” आतोबा म्हणाले, “वहिनी, ते शब्द नव्हेत. ते पायांचे आवाज आहेत.” आईने चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला. हा आवाज मात्र त्यांनी बिनचूक ओळखला आणि चहा मुकाट्याने घेतला.

कारखान्यात तर काय, घोड्याला मैदानच मिळालं. उशिरा येणाऱ्यांच्या रिपोर्टात बाकीचे टाइमकीपर नाव आणि वेळ लिहीत. आमचे आतोबा चालही लिहीत. जो सॉन्टर करत आला त्याचा अर्धा दिवस गेला. जो ‘ट्रज’ करत, म्हणजे थकल्या जड पावलांनी आला त्याला माफी, असा कायदा त्यांनी स्वतःच्याच अधिकारात जारी केला होता. मॅनेजरसाहेबांना त्यातले निम्मे शब्द येत नसत आणि तसं कबूल करण्याइतके ते धाडसी नव्हते, त्यामुळे सही होऊन जाई. निघोज्याचा एक गडी एकदा पंक्चर झालेली सायकल ढकलत आला, आणि आपल्या चालीचा पंचनामा चाललेला बघून भडकला. “सायेब, दोन पायांवर आलो न्हाई का आमी? त्यात बी जाती काढल्या व्हय तुमी?” आतोबांनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘स्टॉम्प’, पाय आपटत आला. वर शेरा: ‘कारण योग्य’. बिचाऱ्याची पूर्ण हजेरी लागली.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं, पण घरात ताई होती. लहानपणी ती बैलगाडीतून पडली, डावा पाय मोडला आणि हाडवैद्याने बसवला तो थोडा आखूडच. ताई लंगडत चाले. तेव्हा मुलगी बघायला आलेली माणसं तिला वाचायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत, आणि शेवटी म्हणत, “मुली, जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन ये बरं.” ताईचं स्थळ दर वेळी त्या खिडकीपाशी संपे. ‘कळवतो’ म्हणून मंडळी उठत. पोहे मात्र आजवर कुणी ताटलीत टाकून गेलं नव्हतं.

अशात आतोबांच्याच कारखान्यातल्या एका फिटरचं स्थळ आलं. वडीलधारे म्हणून आतोबांना बसवणं भाग होतं. लंगडण्याला इंग्रजीत लिंप म्हणतात, हे त्यांच्याच कृपेने आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळीच हात जोडले. “दाजी, पाया पडतो तुमच्या. आजच्या दिवस इंग्रजी नको.” आतोबांनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्यावर विसंबून राहण्याइतके भोळे आमच्यात दादाच होते.

मुलाबरोबर त्याचे मामा आले होते, साताऱ्याकडचे, चांगले ऐसपैस. पोहे संपवून, तोंड पुसून ते म्हणाले, “मुलीला जरा चालायला सांगा.”

“सांगू की,” आतोबा म्हणाले. “आधी मुलाला सांगा.”

“मुलाला?”

“मी रोज फाटकातून बघतो त्याला. स्ट्राइड आहे, लांब ढांगा टाकतो. पण तुमचीही खात्री व्हायला नको?” मुलगा हसला, उठला आणि खरोखरच खिडकीपर्यंत जाऊन आला. “आता तुम्ही, मामासाहेब. बरं, राहू द्या. येताना पाहिलंय. वॉडल.”

“म्हणजे काय?”

“बदक.”

दादा आढ्याकडे बघू लागले. आत स्वयंपाकघरात आत्याने कपाळावर हात मारून घेतला. आणि तेवढ्यात, कुणी सांगायच्या आत, ताई उठली. काही न लपवता, पाय सावरायचा जराही प्रयत्न न करता ती खिडकीपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

मामांना आता बदकाचा सूड घ्यायचा होता. “हिच्या चालीला काय म्हणतात हो तुमच्या इंग्रजीत? सांगा की आता!”

आतोबांनी ताईकडे पाहिलं.

“वॉक,” ते म्हणाले.

“नुसतं वॉक?”

“नुसतं वॉक. चालणं. जन्मभर शोधत होतो, आज पहिल्यांदा दिसलं. बाकी आपण सगळे नखरे करतो.”

मामा टोपी डोक्यावर ठेवून उठले. मुलगा उठला नाही. “बसा मामा,” तो म्हणाला, “चहा यायचाय अजून.” वैशाखात ताईचं लग्न झालं, आणि आईने त्यानंतर आतोबांचा कप कधी आदळला नाही.

पुढे आतोबा निवृत्त झाले, गुडघे गेले, आत्याही गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. फाटकांवर घड्याळं आली, ती माणसाची वेळ तेवढी बघत. मी आतोबांना हाताला धरून जुन्या फाटकापर्यंत नेत असे. पाऊल आता उचलत नव्हतं. चपला मातीत रेघा ओढत येत. एकदा ते मध्येच थांबले.

“काय करतोय रे मी?”

शब्द जिभेवर होता. इतकी वर्षं जपून ठेवलेला, त्यांचाच. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “वॉक, आतोबा.”

“साफ चुकलं,” ते म्हणाले. “शफल. मीच शिकवला होता तुला.”

आम्ही थोडे पुढे गेलो. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

“पण राहू दे,” ते म्हणाले. “तोच राहू दे.”