जिवतीचं अर्धं लेकरू

मेहकरला मोटार सोडून साखरखेर्ड्याच्या छकड्यात बसलो, तेव्हा गाडीवानानं माझ्याजवळची गुंडाळी पाहून विचारलं, "मास्तर, एवढा कोरा कागद काऊन नेऊन राह्यले?"

"चित्र पाहायला चाललोय."

"पाहाले कागद कायले लागते?"

नक्कल करायची वेळ आली तर असावा, म्हणून तो घेतला होता. मी नागपूरचा ड्रॉइंग मास्तर. साखरखेर्ड्यात एका शेतकऱ्याच्या घरी शाईनं काढलेलं जुनं विलायती चित्र आहे, असं एका स्नेह्याकडून कळलं होतं. ते अजबखान्यासाठी (म्युझियमला नागपूरकर असंच म्हणतात) मिळवायचं, एवढाच माझा बेत.

वाटेत काळ्या मातीत चाक रुतलं. ढकलता ढकलता गुडघ्यापर्यंत चिखल झाला आणि त्याच अवतारात मी त्या शेतकऱ्याच्या घरी, गंगाबाईंच्या ओसरीवर उभा राहिलो. घरधनीण मनमोकळं हसली. "पाय धुवा पह्यले, मंग देवी पाहा."

देवी? आत गेलो आणि भिंतीवरचं चित्र पाहतच राहिलो. कमानींमागे कमानी, खांबाखांबावर वेलबुट्टी, मध्ये एक बाई बसलेली, मांडीवर दोन गुटगुटीत मुलं. रेघ अशी, की चारशे वर्षांपूर्वीचा इटलीतला कुणी उस्ताद आठवावा. आणि त्या बाईच्या कपाळावर, मुलांच्या डोक्यावर हळदकुंकवाचे थर!

तापानं फणफणलेला एक साहेब गंगाबाईंच्या सासऱ्यांच्या वेळी या घरात बरा झाला होता. जाताना त्यानं हे चित्र दिलं. मांडीवर लेकरं, म्हणजे जिवतीच (आषाढी अवसेला मुलांच्या आयुष्यासाठी हिचा कागद पुजतात), असं घरानं ठरवून टाकलं. अवस दुसऱ्याच दिवशी होती.

मी चित्र मागितलं, तसं गंगाबाईंनी त्याच्या कडेला बोट नेलं. तिथं तिसरं मूल होतं. हातपाय होते, चेहराच काढायचा राहिला होता.

"सुनेचे दोन गेले, मास्तर. आता हे तिसरं पोटात हाय. तुमच्यापाशी शाई असन ना? याले तेवढं तोंड काढून द्या. उद्या पुजा झाली का मंग दुसरी जिवती आणतो, हे तुम्ही न्या."

त्या कागदाला टाक लावायची माझी छाती होईना. नाही म्हणायचीही होईना. शेवटी कोरा कागद पसरला आणि सबंध चित्राची नक्कल करायला बसलो. सून वत्सला दाराशी उभी राहून बघत होती. तिसऱ्या मुलाला मी तिचीच हनुवटी दिली.

सकाळी नवा कागद भिंतीवर लागला. आघाडा, फुलं वाहिली गेली. पुरणपोळी आणि कढी जेवून मी उठलो. गंगाबाईंनी शब्द पाळला, जुनं चित्र गुंडाळून माझ्या हाती ठेवलं. मी ते घट्ट काखेत धरलं.

तेव्हा वत्सला पहिल्यांदा बोलली. "आत्याबाई, नवी जिवती पुजा. पण हे अर्धं लेकरू घराबाहेर काऊन धाडता? ज्याचं अजून व्हाचं हाय, त्यालेच त माय लागते."

गंगाबाई माझ्याकडे पाहीनात. मीच गुंडाळी वत्सलेच्या हातात दिली.

परतताना गाडीवान म्हणाला, "कागद कुठी ठेवला?"

"दिला."

"आन चित्र?"

"तेही."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दर आषाढात त्या रेघांवर आणखी कुंकू चढणार, हे मला कळत होतं. देवभोळा मी कधीच नव्हतो. तरी वेशीबाहेर पडताना मागे वळलो आणि त्या अर्ध्या लेकरासाठी हात जोडले.